एक वाजताची टिक

रेजिना सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मला पलंगावर आडवं केलं आणि दोन्ही हात चादरीत घट्ट गुंडाळले. "आता हलायचं नाही. आ कर." मी आ केला. त्यांनी वरणभाताचा चमचा तोंडात घातला, आणि तो गिळायच्या आत दुसरा. घास घशाशी अडकला, डोळ्यांतून पाणी आलं, हात काही सुटेनात. आता जीव जातो असं वाटलं. मग त्यांनी मला खसकन उठवून बसवलं, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "कळलं? आता कुणाला झोपवून भरवशील?"

नाहूरच्या त्या वृद्धसेवा केंद्रात नव्या बाईचं ट्रेनिंग असं सुरू व्हायचं. मी विक्रोळीहून आलेली, सासूचं सगळं अंथरुणात केलेली, त्यामुळे आपल्याला काय शिकवणार असा माझा तोरा होता. दोन चमच्यांत तो उतरला.

सिस्टर मुलुंडच्या जुन्या गावठाणातल्या, ख्रिस्ती. साठीला टेकलेल्या, बुटक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो वाजला की आम्ही सरळ असलेल्या चादरीही पुन्हा सरळ करायचो. खोलीत आल्या की भिंतीवरच्या जेवण-औषधांच्या तक्त्याकडे त्या बघायच्या नाहीत. आधी म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घ्यायच्या, ओठ बघायच्या, पाठीखाली हात घालून ओल तपासायच्या. तक्ता मग. "कागदाला घाम येत नाही गं बाय," म्हणायच्या. चूक सापडली तरी आवाज चढायचा नाही. "परत करून दाखव," एवढंच. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं. मला त्यांची इतकी धास्ती होती की घरी पोळ्या लाटतानाही मी आपले हात धुतले की नाही ते आठवत बसे.

सरकारी तपासणी येणार कळलं तेव्हा मात्र मॅनेजरसाहेबांची तंतरली. त्या दिवशी सिस्टर तपासणीच्या लोकांना घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या, तसे साहेब आम्हाला हळूच म्हणाले, "एक रकाना रिकामा दिसता कामा नये, नाहीतर वाट लागेल आपली." माझ्याकडे सुमतीआजी होत्या. आजी कधी चार घास खायच्या, कधी ताट तसंच परत पाठवायच्या, म्हणून त्यांना इन्सुलिन द्यायचं ते जेवण पोटात गेल्यावरच. मी सकाळी अकरालाच 'दुपारी एक, जेवण झालं' इथे टिक करून सही ठोकली. एकला भरवणारच होते की! तपासणी असली की आम्ही सगळ्याच असं करायचो.

तपासणी लांबली. ताटं खाली स्वयंपाकघरातच राहिली आणि मला फायली काढायला ऑफिसात बसवलं. दीड वाजता नर्स आली, तिने टिक बघितली आणि आजींना इन्सुलिन देऊन गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तासाभराने सिस्टर त्या लोकांबरोबर आजींच्या खोलीत शिरल्या. तपासणीच्या मॅडम तक्ता बघून "छान ठेवलंय" म्हणाल्या, आणि तेवढ्यात सिस्टरांची हाक आली, "सुषमा!" मी धावले. आजींचा हात ओला, गार. डोळे अर्धवट उघडे, हाकेला ओ नाही. उपाशीपोटी इन्सुलिन गेल्याने साखर उतरली होती. मी साखरपाण्याचा ग्लास त्यांच्या ओठांशी नेला, तर सिस्टरांनी तो उडवलाच. "शुद्ध नाही तिला! घशात ओतून मारशील?" नर्सने शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आजी गेल्या तर त्यांना मी मारलं, एवढंच डोक्यात होतं.

आजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "आज जेवायला नाही का गं देणार?"

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. मॅडमनी विचारलं, "मग ही टिक कोणी केली?" मॅनेजरसाहेब मला डोळ्यांनी दटावत होते. सिस्टर माझ्याकडे बघत थांबल्या. मी आजींची सरळ असलेली चादर पुन्हा सरळ करायला लागले. शेवटी त्यांनी तपासणीची वही ओढली आणि लिहिलं, 'टिक जेवणाआधी झाली. शिकवणारी मी.'

सिस्टर आता हयात नाहीत. त्यांच्याविषयी कोणी विचारलं की मी दुसऱ्या दिवसाचं सांगते.

त्या दिवशी दुपारी आजींची मुलगी घाटकोपरहून आली. तिने माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही धावलात म्हणून आई वाचली." सिस्टर आजींचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. नोकरी जाईल, पोलीस येतील, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कसंबसं म्हटलं, "टिक मीच केली होती. त्यांना भरवायच्या आधीच."

तिने हात सोडले. "सिस्टर, हिला माझ्या आईजवळ फिरकू देऊ नका."

सिस्टरांनी ताट माझ्या हातात दिलं. "नाही. आज हीच भरवणार. या अख्ख्या बिल्डिंगमध्ये आज हिच्याएवढं घाबरलेलं दुसरं कोणी नाही. तुम्ही समोर बसा आणि बघा."

मुलगी बसली. तिची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती, आणि पहिला घास सांडलाच. दुसरा आजींनी घेतला. मग तिसरा. घाई नव्हती. बऱ्याच वेळाने नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली आणि तिने तक्त्याकडे हात केला.

"झालं ना जेवण?"

"थांबा," मी म्हटलं, "शेवटचा घास अजून तोंडात आहे."