मराठीतून मागितलेली सूट

साहेब माझ्याशी मराठीत बोलायला लागले की मी सावध व्हायचे. एरवी ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, कॉफीच्या वेळी हिंदी, आणि वॉचमनशी मोडकंतोडकं कन्नड. पण एखादी गोष्ट मेलमध्ये लिहायला जड जात असली, चारचौघांत बोलायची सोय नसली, की साहेब मला केबिनमध्ये बोलवायचे, दार लोटून घ्यायचे आणि म्हणायचे, "बस. आपल्या भाषेत बोलू." ते पुण्याचे, मी नागपूरची. आमच्या गटात मराठी आम्ही दोघंच. त्या 'आपल्या' शब्दाखाली त्यांनी काय काय खपवलं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बंगळूरला इंदिरानगरच्या एका बंगल्यात आमची छोटी कंपनी होती आणि एका परदेशी गिऱ्हाइकासाठी आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल लिहीत होतो. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. त्याला विचारल्याशिवाय कुठल्याही प्रोग्रामला मेमरीचा तुकडा मिळत नाही. मी तिथे प्रोबेशनवर होते. वर्ष संपत आलं होतं आणि मला कन्फर्म करायचं की नाही ते साहेबांच्या हातात होतं. बाबांनी तर सांगूनच ठेवलं होतं, नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर इथल्या कॉलेजात शिकवायला जागा आहे, मुकाट्याने परत ये. मला परत जायचं नव्हतं. मला कर्नल लिहायचा होता, आणि तो नागपुरात तेव्हा कोणी लिहीत नव्हतं.

माझ्याकडे पेज फॉल्टचं काम होतं. नाव ऐकून वाटतं, कुणाची तरी चूक झाली. तसं काही नसतं. प्रोग्राम मेमरीतलं एक पान मागतो, ते तिथे नसतं, डिस्कवर असतं. मग कर्नल प्रोग्रामला थांबवतो, पान आणून ठेवतो आणि म्हणतो, चल पुढे. दिवसभर हेच चालू असतं, कुणाला पत्ताही लागत नाही. गिऱ्हाइकाला यात एक नवी सोय हवी होती. त्यांच्या डेटाबेसचं म्हणणं असं की माझी पानं मला जास्त कळतात, तेव्हा पान नसेल तर मला सांगा, मीच आणून देईन. सोय चांगली होती. मीच ती लिहिली आणि मनापासून लिहिली.

पण त्यात एक गोम होती, ती मला अक्कांच्या बाथरूममुळे नीट मांडता आली. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. मल्लेश्वरमला त्यांच्या घरात आम्ही तिघीजणी खोल्या घेऊन राहत होतो आणि बाथरूम एकच. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं, बोलणं मराठी, पण मधूनमधून कन्नड. मी ऑफिसात नेमकं काय करते, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "अक्का, समजा मी आंघोळीला गेले, आतून कडी लावली, साबण लावला आणि पाणी गेलं. मी आतून सांगितलं, बादली आणून द्या. जिला सांगितलं ती निघून गेली भाजी आणायला. आता?"

"आता काय, सगळ्यांचाच खोळंबा."

"तेच. कर्नल कडी लावून आत असतो आणि पान आणायला दुसऱ्याला सांगतो. त्याने आणलंच नाही तर कर्नलही अडकला आणि रांगेतले सगळेही अडकले. म्हणून ते काम वाटेल त्याला द्यायचं नाही."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

तर मी एक अट घातली होती. मशीनच्या मुख्य चालकाने ज्या प्रोग्रामला परवानगी दिली असेल, त्यालाच स्वतःचे फॉल्ट हाताळता येतील. इतरांना नाही. दोन ओळींचं काम.

या दोन ओळींवरून साहेबांनी मला बोलावलं. दार लोटलं. "बस. आपल्या भाषेत बोलू." डेटाबेसवाले कुरकुरत होते, प्रत्येक ठिकाणी परवानगी द्यायची म्हणजे कटकट, आणि तारीख तोंडावर आली होती. साहेबांचं म्हणणं, अट काढ. मी बादली, कडी सगळं सांगितलं.

"असं मुद्दाम कोण करणार आहे?"

"मुद्दाम कशाला, चुकूनही होईल."

"बरं, मग असं कर. त्यांच्या डेटाबेसचं नाव दिसलं की न विचारता सोड. बाकीच्यांना अट राहू दे."

मला हसूच आलं. "साहेब, नाव काय, कोणीही लावेल. उद्या मी माझ्या प्रोग्रामला तेच नाव दिलं तर?"

"तू कशाला देशील?" ते हसत म्हणाले. मग जरा पुढे झुकले. "हे बघ, आपल्याच माणसाने अडवून धरायचं का? तुझ्या कन्फर्मेशनचा कागद माझ्याकडेच येणार आहे."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. भाषा माझी, साहेबांचं गाव माझं नसलं तरी राज्य माझं, आणि ते वापरायचं कशासाठी, तर कारभाऱ्याच्या घराला मागचं दार पाडायला. मी म्हटलं, "मेल करा साहेब. अमुक नावाच्या प्रोग्रामला परवानगी न विचारता सोडावं, एवढं एक वाक्य लिहून द्या. मी लगेच करते."

"प्रत्येक गोष्ट लिहून द्यायची असते का?"

"कर्नलमध्ये जाणारी, हो."

त्यानंतरही त्यांनी बोलावलं. कधी गोडीत, कधी गुरकावून, पण कायम मराठीत. माझं उत्तर तेच, लिहून द्या. मेल काही आली नाही. मग एक दिवस शेजारच्या टेबलावरचा सहकारी मला कोपऱ्यावर बाय-टू, म्हणजे एकीत दोघं, कॉफी प्यायला घेऊन गेला आणि पेल्यात बघत हिंदीत म्हणाला की नावावरून सोडायची ती सूट त्याने कर्नलमध्ये घातली, साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून. त्याच्यावर मी चिडले नाही, तोही प्रोबेशनवरच होता. पण त्या फाईलच्या माथ्यावर माझं नाव होतं. उद्या बोभाटा झाला असता तर साहेब काखा वर करून मोकळे आणि निस्तरायला मी.

अक्का म्हणाल्या, "स्वल्प नमतं घे गं. आधी नोकरी पक्की करून घे, मग काय भांडायचं ते भांड." सल्ला चुकीचा नव्हता. मॅजेस्टिकच्या स्टँडवर बस बदलताना मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला. पण नोकरी पक्की झाल्यावर मी भांडले असते का? मला माझीच खात्री वाटेना. पक्की नोकरी असलेली माणसं आमच्या ऑफिसात मूग गिळूनच बसलेली होती.

गिऱ्हाइकाचा इंजिनिअर आढाव्यासाठी बंगळूरला आला, त्या सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. या वेळी दार मी लोटलं. "साहेब, सूट काढा. नाहीतर मीटिंगमध्ये मी चालवून दाखवणार आहे." ते म्हणाले, "दाखवून बघ."

मीटिंगमध्ये साहेबांनी छान इंग्रजीत सांगितलं की परवानगीचा प्रश्न मिटला आहे, सगळ्या गटाचं एकमत आहे. मी हात वर केला. साहेब माझ्याकडे वळले आणि चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता मराठीत म्हणाले, "गप्प बस. नाहीतर नागपूरचं तिकीट काढ."

पाहुण्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "परवानगीबद्दलच काही होतं का?"

खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणाला मराठी कळत नव्हतं. नंतर बोलू म्हणताहेत, असं सांगून मला सहज सुटता आलं असतं. साहेबांचा भरवसा त्याच्यावरच होता. वर्षभर होता. मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणताहेत, गप्प बस, नाहीतर नागपूरचं तिकीट काढ. मी नागपूरची आहे. मला थोडा वेळ द्या, मशीनवर काही दाखवायचं आहे."

मी साध्या युजरच्या नावाने लॉगिन केलं. माझा प्रोग्राम एवढासाच होता. तो कर्नलला सांगायचा, माझे फॉल्ट मी बघतो, आणि कर्नलने पान मागितलं की ढिम्म बसून राहायचा. नाव मात्र डेटाबेसचं. मी तो चालवला. आधी काहीच झालं नाही. मग पलीकडच्या टर्मिनलवर सहकाऱ्याने फायलींची यादी मागितली, ती आली नाही. तिसऱ्या टर्मिनलचंही तेच. पाहुणा उठून स्वतः एका कीबोर्डपाशी गेला, एंटर दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं.

"हे परत येणार का?"

"नाही. वीज बंद करावी लागेल."

"आणि तुझ्याकडे काही खास अधिकार नाहीत?"

"एकही नाही."

तो खुर्चीवर येऊन बसला. "नावावरून सूट द्या असं आम्ही तर लिहिलेलं नाही. हे कोणी सांगितलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे बघत होते.

सूट त्याच दुपारी निघाली. माझ्या दोन ओळी जागच्या जागी राहिल्या. पाहुणा परत गेला आणि मग साहेबांनी मला बोलावलं. दार उघडंच ठेवलं. त्या केबिनमध्ये ते माझ्याशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले. काम उत्तम आहे, पण वृत्ती बरोबर नाही, गटात बसत नाहीस, तेव्हा कन्फर्म करता येणार नाही. हे होणार ते मला माहीत होतं. मला ती नोकरी फार फार हवी होती. पण त्यांच्यासमोर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं मी ठरवूनच आले होते.

"लिहून द्या," मी मराठीत म्हटलं.

संध्याकाळपर्यंत पत्र टाइप होऊन, सही होऊन हातात आलं. कारण दिलं होतं, वरिष्ठांच्या तोंडी सूचना पाळत नाही. वर्षभरात साहेबांनी मला जे जे सांगितलं, त्यातलं तेवढंच एक लिहून दिलं.

ते पत्र घेऊन मी नागपूरला गेले नाही. बंगळुरातच हेब्बाळला एका ठिकाणी कर्नलचं काम करणारी माणसं हवी होती. तिथे मुलाखतीत त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? मी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, वाचा.