येऊन राहिला

ज्या सकाळी आमची सगळी मंडळी “प्रभू उठला” म्हणत एकमेकांचे हात हातात घेत होती, त्याच सकाळी माझा आवाज गेला. आमच्याकडे ईस्टरची पहाटेची उपासना कब्रस्तानात होते. मी माइकसमोर उभी राहिले, पहिली ओळ कशीबशी निघाली आणि वरच्या सुरावर गेले तर तोंडातून नुसती हवा. क्वायरमधल्या मुलींनी पुढची ओळ उचलून धरली, म्हणून लोकांच्या ते फारसं ध्यानात आलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला दुःख झालं नाही. सुटले एकदाची, असं वाटलं. आणि तसं वाटल्याची लाज मात्र पुढे कितीतरी दिवस गेली नाही, कारण पपांची कबर तिथून दहा पावलांवर होती.

गाणं मला पपांनी दिलं. ते छापखान्यात कामाला होते आणि रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायचे. नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरला आमचं घर झालं तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त, त्यामुळे संध्याकाळी आम्ही बापलेक कितीही जोरात गायलो तरी तक्रार करायला कुणी नव्हतं. मी भाता ओढायची आणि पपा दोन्ही हातांनी वाजवायचे. आठव्या वर्षी स्टुलावर उभं राहून मी नाताळात पहिल्यांदा एकटी गायले, आणि एकोणिसाव्या वर्षी पहिलं गाणं स्वतः लिहिलं. ते फार काही चांगलं नव्हतं. त्यात ‘करुणासागरा’ तीनदा आणि ‘तारणहारा’ चारदा आलं होतं. पण पपांनी ते सुरात बसवलं आणि रविवारी सगळ्या मंडळीकडून म्हणवून घेतलं. त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर त्यांच्या पाठीला डोकं टेकून मी रडले होते. इतका आनंद मला त्यानंतर क्वचितच झाला असेल.

मग पपांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यायचं, उरलेल्या दिवसांत ते खाटेवर पडून असायचे. वेदना वाढल्या की ते छताकडे पाहून विचारायचे, “अजून किती जी देवा?” आणि मम्मी त्यांच्या पायांना तेल चोळत म्हणायची, “येऊन राह्यला ना देव. जरा दम धरा.” रोज तेच. देव जणू सीताबर्डीहून बसमध्ये बसलाय आणि गर्दीमुळे त्याला उशीर होतोय. मला तिचा रागही यायचा आणि कीवही यायची. पण तिचे ते शब्द डोक्यातून जाईनात. एका दुपारी पपांच्या उशाशी बसून मी वहीत लिहिलं:

थकल्या घरी माझ्या, येशू येऊन राहिला.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आम्ही ‘येऊन राहिला’ म्हणतो ते ‘येत आहे’ या अर्थानं. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, जाऊन राहिली म्हणजे जाते आहे. म्हणजे माझी ओळ वाट पाहण्याची होती. येशू निघालाय, वाटेवर आहे, अजून पोचलेला नाही.

आमच्या क्वायरमास्तरांना मी ती दाखवली. भला माणूस, पण भाषेच्या बाबतीत फार कडक. चष्मा वर करून ते म्हणाले, “हे घरचं बोलणं झालं. देवाच्या घरात असं चालत नाही. मी तुले सांगून राह्यलो ना, शुद्ध लिही!” त्यांचं त्यांना ऐकू आलं नाही आणि मलाही हसायचं सुचलं नाही. मी ‘येऊन राहिला’वर काट मारून ‘येत आहे’ लिहिलं. गाणं तिथंच थांबलं. दुसरं कडवं सुचेना. महिन्याभरानं पपा गेले आणि मी वही कपाटात टाकली. देव आला नाही, हे मी तोंडानं कुणालाच म्हटलं नाही. पण ज्या गाण्यात तो येत आहे असं लिहिलंय, ते गाणं मी कुठल्या तोंडानं पुरं करणार होते?

त्यानंतरची तीन वर्षं मी फक्त गात सुटले. रविवारच्या दोन उपासना, मधल्या वारी प्रार्थनासभा, कामठीला महिला मंडळ, लग्नं, मयती. आमच्यात गाणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. “प्रभूसाठी एवढं कर” म्हटलं की विषय संपला. घसा दुखायचा, मी लवंग तोंडात धरून गायची. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत घरोघरच्या प्रार्थना, मग गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना. मम्मी म्हणायची, “काहून एवढी मरून राह्यली वं? देवानं मागतलं का तुले?” आता कळतं, मी देवासाठी गात नव्हते. त्याच्यासमोर गप्प बसायची भीती वाटत होती, म्हणून गात होते. गप्प बसले असते तर पपांबद्दल विचारावं लागलं असतं.

डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणून सांगितलं. तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. मग पुन्हा बघू, गरज पडली तर ऑपरेशन. “पुन्हा गाता येईल?” हे मी कागदावर लिहून दाखवलं. ते म्हणाले, “आत्ताच काही सांगता येणार नाही.”

ते तीन आठवडे मे महिन्याच्या तोंडावरचे. बाहेर ऊन, घरात कूलरची घरघर आणि मम्मीचं एकटीचं बोलणं. “तू बोलत नाही, मी एकलीच बडबडून राह्यली. लोकं म्हनतीन म्हातारीले येड लागलं.” मला हसतासुद्धा यायचं नाही. प्रार्थना करायला बसले की लक्षात यायचं, मला गाण्याशिवाय प्रार्थना येतच नाही. डोळे मिटून नुसती बसायची. आत रिकामं, थकलेलं काहीतरी होतं, आणि त्याला देवाशी बोलायचंही नव्हतं. मम्मीशी लिहून बोलण्यासाठी वही हवी होती, म्हणून कपाटातली जुनी वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर ‘मीठ कमी आहे’, ‘गॅसवाला आला होता’ असलं लिहीत गेले. एकदा पुढचं पान उघडलं गेलं. काट मारलेली ती ओळ दिसली. का कोण जाणे, मी ‘येत आहे’वर काट मारली आणि पुन्हा मम्मीचे शब्द लिहिले. गाणं पुरं करायचं मनात नव्हतं. एवढंच वाटलं की देवाला दोष द्यायचा तर तो आपल्या भाषेत द्यावा.

तीन आठवड्यांनी तपासणीला एकटीच गेले. मम्मीचे गुडघे आणि तसलं ऊन, तिला कशाला न्यायचं. सरकारी दवाखान्यात नाक-कान-घशाच्या ओपीडीबाहेर भली मोठी रांग. बाकावर शेजारी साठीच्या एक बाई होत्या, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला छोटा क्रूस. त्यांनी माझा नंबर विचारला. मी वहीत लिहून दाखवला आणि घशाकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली, त्यांना लगेच समजलं. मग स्वतःचं सांगू लागल्या. त्या नगरकडच्या, लेक नागपुरात दिलेली. यजमान शाळामास्तर होते. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं, आणि आत त्यांचं ड्रेसिंग चाललं होतं. “सगळं आयुष्य बोलण्यात गेलं त्यांचं,” त्या म्हणाल्या. “आता पाटी घेऊन बसतात. सहा महिने झाले बघ, मी रोज देवाला विचारते, कधी येणार तू? आता विचारायचाही कंटाळा आला.”

मी काहीतरी धीराचं लिहावं म्हणून वही उघडली, पण पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटली आणि पुढचं पान वर आलं. त्यांनी वही हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली. वाचायला त्यांना वेळ लागला.

“थकल्या घरी माझ्या, येशू येऊन…” त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “राहिला.”

त्यांनी वही मांडीवर ठेवली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही. “किती गं खरं लिहिलंस, पोरी. आला आणि राहिला. पाहुण्यासारखा येऊन गेला नाही. मी येडी, दारात उभी राहून वाट बघतेय, आणि तो आमच्या घरात मुक्कामाला आहे. नाहीतर मी सहा महिने उभी राहिले असते का?”

चुकीचा अर्थ लावला होता त्यांनी. मला एवढंच लिहायचं होतं की, ‘बाई, आमच्या भाषेत याचा अर्थ येत आहे असा होतो.’ पेन हातात होतं. आवाज असता तर मी नक्की बोलून गेले असते, मला लोकांच्या चुका काढायची खोडच आहे. पण आवाज नव्हता, आणि लिहायला हात उचलेना. त्या बाईंनी पर्समधून एक जुना केस पेपर काढला आणि त्याच्या मागे ती ओळ माझ्याकडून लिहवून घेतली. “ह्यांना दाखवते,” म्हणाल्या. “बोलता येत नाही, वाचता येतं ना.” तेवढ्यात आतून त्यांना हाक आली. जाताना त्यांनी कपाळाला हात लावून “सलाम” केला, नगरकडची आपली ख्रिस्ती माणसं करतात तसा. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. पुन्हा त्या मला कधी भेटल्या नाहीत.

मी बाकावर बसून राहिले आणि पपांचे शेवटचे महिने माझ्यासमोर उलगडत गेले. मी ते नेहमी दाराकडे तोंड करूनच आठवले होते, कुणी येतंय का ते बघत. आता पहिल्यांदा घराच्या आत पाहिलं. मम्मी एकही दिवस पायांना तेल चोळायची चुकली नव्हती. समोरच्या बौद्ध घरातल्या ताई प्रत्येक डायलिसिसला डबा घेऊन आमच्यासोबत यायच्या आणि संपेपर्यंत बाहेर बसून असायच्या. शेवटच्या आठवड्यात पपा बोलत नव्हते, पण त्यांची बोटं चादरीवर हार्मोनियम वाजवत होती, आणि कुठलं गाणं आहे ते मी बोटांवरून ओळखायची. ज्याची मी वाट पाहत होते तो वाटेवर नव्हताच. मी ओपीडीत सगळ्यांदेखत रडले, आवाज न करता. डॉक्टरांनी बजावलंच होतं.

गाठी लहान झाल्या होत्या. ऑपरेशन तूर्त नको, थोडं थोडं बोलायला हरकत नाही, गाणं हळूहळू, आणि वरच्या पट्टीचा हट्ट सोडा, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावत बाहेर आले. तीन आठवड्यांनंतरचे माझे पहिले शब्द स्तुतीचे असावेत, असं मी घरून ठरवून आले होते. तेवढ्यात फोन वाजला.

“कुठं हायेस वं? काय म्हने डाक्टर?” मम्मी विचारत होती, आणि मग एकदम, “अगं माय! तुले तं बोलता येत नाही. मी कायले फोन केला!”

ती फोन ठेवणार तोच माझ्या तोंडून फुटका, घोगरा आवाज निघाला.

“येऊन राह्यली, मम्मी.”

 

राहिलेलं कडवं मी बसमध्येच लिहिलं: ‘वाट बाहेर पाहिली मी, तो तर आतच बसला.’ दोन महिन्यांनी ते गाणं चर्चमध्ये गायले. आधी काळी पाचच्या पट्टीत गायची, आता त्याहून खालच्या पांढरी पाचमध्ये. वरचे सूर अजून आलेले नाहीत, कदाचित येणारही नाहीत. पण आता मी आठवड्यातून एकदाच गाते आणि बाकीच्यांना नाही म्हणते. नाही म्हणताना अजूनही जीभ अडखळते. क्वायरमास्तरांनी गाणं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “राहू दे असंच. शुद्धच हाये.” आमची मंडळी ते गाणं नागपुरी अर्थानं गाते, मी दोन्ही अर्थांनी. मम्मीला मी तो दुसरा अर्थ समजावून सांगितला तेव्हा ती भाजी निवडत होती. वरही न पाहता म्हणाली, “मंग मी रोज काय सांगून राह्यली होती?” तिनं तेव्हा कुठल्या अर्थानं म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

माझा आवाज माझा नव्हता, हे आवाज गेल्यावर कळलं. माझे शब्दही माझे नव्हते, त्यांचा पुरा अर्थ एका अनोळखी बाईंनी मला वाचून दाखवला. त्यांच्याबद्दल आणि त्या एका चुकीबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. थकवा पुरता गेलेला नाही. अजूनही काही दिवस असे येतात की प्रार्थनेला बसते आणि काही सुचत नाही, गावंसं वाटत नाही. पूर्वी अशा वेळी मी देवाला विचारायची, तू कधी येशील? आता विचारत नाही. जिथं असेन तिथून, जशी असेन तशी, त्याला एवढंच सांगते: येऊन राहिली.