भिवराबाईंचा कान

आमच्या वसाहतीचं नाव समाधान कॉलनी. ज्यानं हे नाव ठेवलं तो प्लॉट विकून निघून गेला आणि राहायला आलो आम्ही. शहराबाहेर गंगाखेड रोडला, पिंगळी गावाच्या बरंच अलीकडे, चार गल्ल्या आणि साठेक घरं. ऊन उतरलं की चौथ्या गल्लीच्या तोंडाशी, बन्सीधर काकांच्या कंपाउंडला लागून असलेल्या ओट्यावर माणसं जमायची आणि दिवसभराची कुरकुर सुरू व्हायची. डुकरं, डास, सारखी जाणारी लाइट, न येणारी घंटागाडी, कोण कुणाच्या दारात गाडी लावतं. मी शाळेत शिकवते, मुलांना ‘तक्रार करू नका’ असं दिवसातून दहादा सांगते; पण संध्याकाळी ओट्यावर माझाही आवाज कुणापेक्षा कमी नसायचा.

ओट्याच्या समोर रामप्रसाद वायरमनचं घर. त्याची आई भिवराबाई दारात खालीच बसून टकळीवर लोकर कातायची. सत्तरी ओलांडलेली, काळीसावळी, काटक बाई. घराणं पेडगावकडचं, मेंढपाळाचं. नवरा ग्यानबा वारला, मेंढरं विकली, आणि रामप्रसादनं आईला इथं आणलं. त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिला कशाबद्दल कुरकुरताना कुणी ऐकलं नव्हतं. आम्हीच तिच्याबद्दल कुरकुरायचो. “त्या लोकरीनं मला शिंका यायल्यात,” असं शेजारच्या कमलबाई तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. भिवराबाई टकळी उचलून चार हात पलीकडे सरकायची, बस्स.

गेल्या वर्षी चैत्र संपता संपता चौथ्या गल्लीचे नळ गेले. आठ दिवसांतून एकदा, गुरुवारी सकाळी पाणी यायचं. पहिल्या तीन गल्ल्यांत येत होतं. आमच्या गल्लीत तोटी सोडली की नुसता फुसफुस वारा. दोन गुरुवार गेले, तीन गेले. टँकर बोलवून सगळे बेजार झाले. नळाचं काम करणाऱ्या मुंजाजीनं तीन ठिकाणी खोदलं. खाली कोरडी काळी माती आणि हात जाईल एवढ्या भेगा. कुठं ओल नाही, चिखल नाही. बन्सीधर काका एसटीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, कागद जपून ठेवणारे. त्यांनी पाइपलाइनचा नकाशा आणला आणि लाइन रस्त्याच्या डाव्या बाजूनं आहे हे बोट ठेवून दाखवलं. डाव्या बाजूनंच तर खोदलं होतं.

मग संशय सुरू झाले. कमलबाईंनी नळाला चोरून मोटार लावली असणार, असं मी ओट्यावर बोलून गेले. ते त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, “राजेश्रीबाई, शिकवता तर मोठ्या! माझ्या घरात येऊन बघा की मोटार. हंडे रिकामे हायत सगळे.” मी गेले नाही. बोलणं बंद झालं. सोळा वर्षांचा शेजार, आणि आम्ही एकमेकींना पाहून तोंड फिरवायला लागलो.

चौथ्या बुधवारी संध्याकाळी ओट्यावर हमरीतुमरीच झाली. रामप्रसादची बायको रुपाली रडकुंडीला आली होती. लाइट दुरुस्त करता करता रामप्रसादनंच कुणाला तरी मोटारीचं छुपं कनेक्शन दिलं, असं कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा भिवराबाईनं टकळी खाली ठेवली.

“उद्या पानी कवा सुटतं?”

“सहाला,” मुंजाजी म्हणाला. “कामून, मावशी?”

“सहाला समदे गप ऱ्हावा. कूलर बंद, मोटारी बंद, टीव्ही बंद. मला ऐकायचंय.”

कुणी हसलं, कुणी मान हलवली. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. गुरुवारी सकाळी रामप्रसादनं सगळ्यांना विचारून सरळ गल्लीची लाइटच उतरवली.

ती शांतता मी विसरणार नाही. सोळा वर्षांत आमची गल्ली अशी कधी गप झाली नव्हती. माणसं दारात उभी, लेकरं कडेवर. भिवराबाई अनवाणी निघाली. हातात मेंढरामागची जुनी काठी. काठीचं एक टोक जमिनीवर टेकवायची, दुसरं कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायची. मग चार पावलं पुढं, पुन्हा टेकवायची. डाव्या बाजूनं एक-दोन घरं मागं पडली. तिथं ती थांबली, वळली आणि रस्ता ओलांडून उजव्या बाजूला गेली.

“तिकडं लाइन न्हाई हो,” बन्सीधर काका कुजबुजले.

तिनं हातानंच गप केलं. ओट्यापासून दहा पावलांवर, त्यांच्याच कंपाउंडच्या कडेला तिनं काठी टेकवली आणि खूप वेळ हललीच नाही. मग डोळे उघडले.

“हितं हाय. पन पानी वाहत न्हाई. पडतंय.”

मी सगळ्यांत जवळ उभी होते. तिनं काठीचं टोक माझ्या कानामागं लावलं. आधी माझीच धडधड ऐकू आली. मग खूप खालून, लांबच्या घरात कुणी हौदात पाणी ओतावं तसा आवाज.

“हे कुठं शिकलात, मावशी?”

“शिकायचं काय त्यात. मेंढी गाभण असली की पोटाला कान लावायचा. कोकरू हाय का, जित्तं हाय का, समजतं. जिमिनीचंबी तसंच.”

मुंजाजीनं खोदायला घेतलं. दोन हात खोलवर कुदळ दगडावर वाजली. मोठी शहाबादी फरशी. तिच्या कडेनं पाइप गेलेला, नकाशात नसलेला. लाइन टाकणाऱ्यानं कुठंतरी सोयीसाठी रस्ता ओलांडला होता. पाइपाचा सांधा फाटला होता आणि पाणी जोरात फरशीखाली जात होतं. वर एक थेंब नाही. चौघांनी पहार घालून फरशी सरकवली. खाली अंधार, गार वारा, आणि बॅटरी मारल्यावर चकाकलेलं पाणी. घडीव दगडाची विहीर! आम्ही तिच्या काठावर ओटा बांधून सोळा वर्षं पाण्याच्या नावानं ओरडत होतो.

भिवराबाई आत डोकावलीसुद्धा नाही. बाजूला बसून पायातला काटा काढत होती. तिथूनच म्हणाली, “बारा पायऱ्या हायत. सातवी फुटकी हाय, उतरू नका.”

मुंजाजी पालथा पडून बॅटरीनं मोजायला लागला. “एक... दोन...” त्याचा आवाज बारीक होत गेला. “सात दिसायल्यात. बाकीच्या पाण्यात. सातवी... सातवी फुटकीच हाय!”

बन्सीधर काकांनी नकाशाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“मावशी, तुम्ही ही विहीर कधी पाहिलीत?” मी विचारलं.

“बघितली कसली, हितं पानी पाजलंय. पेडगावावरनं गंगाखेडाकडं, गोदावरीच्या काठाला मेंढरं न्यायचो उन्हाळ्यात. वाटंत ह्यो मुक्काम. तवा समदं रान होतं. पाटलाची हीर. लय गोड पानी, कवाच आटलं न्हाई.”

रामप्रसाद खड्ड्याच्या कडेला उभा होता. तो हळूच म्हणाला, “आई, मी तीन प्लॉट दाखवले होते तुला. तू म्हणालीस हाच घे. मी विचारलं कामून, तर म्हणालीस हितं हवा लागती.”

“लागती की हवा.”

“एवढंच?”

तिनं काठीनं गल्लीच्या टोकाच्या विजेच्या डीपीकडं दाखवलं. “थितं बाभळ होती. तिच्याखाली तू झालास. दुपारची येळ. तुजा बाप मेंढरं घेऊन लांब गेल्ता. मी एकलीच. ह्या हिरीच्या पान्यानं तुला धुतलं. दुसऱ्या दिशी पाटीत घातलं आन कळपामागं चालू लागले.”

रामप्रसाद त्या डीपीवर कितीदा चढला असेल, फ्यूज बदलायला, तारा जोडायला. तो तिकडं बघतच राहिला. “कधी सांगितलं न्हाईस.”

“तू कवा इचारलंस?”

ती उठली, पदरानं हात पुसले आणि चुलीवर चहा ठेवायला घरात गेली. पोटच्या पोराला एकटीनं जन्म देऊन दुसऱ्या दिवशी चालू लागलेली ही बाई, आणि आमच्यातल्या कुणालाही, अगदी मुलालाही, याचा पत्ता नव्हता. कमलबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, “बाई, मी तिला लोकरीवरून बोलायची.” मी म्हणाले, “आणि मी तुम्हाला मोटारीवरून.” एवढ्यावर आमचं मिटलं.

सांधा दोन तासांत बदलला. पुढच्या गुरुवारी नळाला पाणी आलं. गळती थांबल्यावर विहीर आटेल असं सगळे म्हणत होते. पाणी दोन पायऱ्या खाली गेलं आणि तिथंच थांबलं. आता गाळ काढून वर जाळी बसवली आहे. उन्हाळ्यात वापरायचं पाणी तिथूनच येतं.

कुरकुर अर्थात संपलेली नाही. जाळी कुणी रंगवायची यावरून मागच्याच आठवड्यात भांडण झालं. फक्त हल्ली मध्येच कुणीतरी भिवराबाईला विचारतं, “मावशी, आमच्या घराच्या जागी काय होतं?” आणि ती टकळी न थांबवता सांगते: इथं वारूळ, तिथं पायवाट, कमलबाईंच्या अंगणात बोरीचं झुडूप, बोरं लय आंबट.

मीही एकदा विचारलं.

“तुमच्या घरी? काय न्हाई, मास्तरीनबाई. निसती जवारी. मानसाच्या डोईवर हातभर उंच. आत शिरलं की मेंढरू दिसायचं न्हाई.”

त्या दिवशी घरी गेले आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता कितीतरी वेळ उभी राहिले, ज्वारीची सळसळ ऐकू येते का बघत.