आग्रहाचा शिरा

माझ्या नवऱ्याच्या आजीनं मला पहिल्याच भेटीत 'लव्हली' म्हटलं आणि नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

सौदीतल्या दम्मामच्या विमानतळावर आम्ही त्याच्या इंग्लंडच्या खानदानाला घ्यायला गेलो होतो. आजी व्हीलचेअरवर बसून, मांडीवर काठी आडवी धरून सगळ्यांच्या पुढे आली. मी नाशिकची मुलगी, मोठं माणूस दिसलं की हात आपोआप पायाकडे जातात. मी वाकले. आजीला वाटलं माझं काहीतरी पडलंय, म्हणून तीही खुर्चीतून वाकून शोधायला लागली. ते बघून थोरले काका गुडघ्यांवर बसले आणि फरशी चाचपायला लागले. "कानातलं आहे का?" ते मला विचारत होते. मी नाही म्हणून सांगेपर्यंत आणखी दोघं खाली बसले होते.

मग आजीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "लव्हली टु मीट यू, डिअर." मी खूश. गाडीत बसल्यावर नवरा हळूच म्हणाला, "लव्हली म्हणाली ना? वाईट झालं."

आता यात वाईट काय, ते मला पुढे थोरल्या काकूंनी समजावलं. आजी परक्यांशी अतिशय गोड बोलते. पोस्टमन लव्हली, डॉक्टर लव्हली, शेजारी ज्यांचं तोंड बघायची तिला इच्छा नसते तेही लव्हली. ज्याला ती आपलं मानते, त्याच्याशीच फटकन बोलते. "मी लग्न करून आले तेव्हापासून तिला दर नाताळला पुडिंग करून घालत होते," काकू म्हणाल्या, "आणि ती लव्हली म्हणत होती. 'भिकार आहे' म्हणायला तिनं बारा वर्षं लावली. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन आनंदानं रडले."

मला घाम फुटला. माझ्या नवऱ्याची आई तो लहान असतानाच गेली, त्याला या आजीनंच वाढवलं. आमच्या लग्नाला ती येऊ शकली नव्हती, तेव्हाच तिचं खुब्याचं हाड बदललं होतं. म्हणजे सासू म्हणा, आई म्हणा, जे काय आहे ते हीच. आणि तिच्याकडे बारा वर्षं आहेत का, हा प्रश्न मनात आला आणि मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

हे कुटुंब दरवर्षी इंग्लंडच्या कुठल्याशा थंडगार किनाऱ्यावर जमतं, पावसात भिजतं आणि 'मजा आली' म्हणून घरी जातं. यंदा नवऱ्याला इंग्लंडला जाऊन येण्याइतकी रजा मिळेना. तो अल खफजीला समुद्रातल्या तेलाच्या कामावर असतो, मी जुबैलला पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये. तेव्हा आजीनंच फर्मान काढलं की मरण्याआधी एकदा तरी सुट्टीत पाय गरम राहिले पाहिजेत, आपणच सौदीला जाऊ. मग आम्ही हुफूफच्या बाहेर, खजुरांच्या बागांमध्ये एक इस्तिराहा भाड्यानं घेतली. इस्तिराहा म्हणजे आपलं फार्महाऊसच. भोवती उंच भिंत, आत पोहायचा हौद, हिरवळ, गाद्या-तक्क्यांची बैठक आणि एक भलं मोठं जेवणाचं टेबल.

हिवाळ्याचे दिवस. मी स्वेटर आणि वरून शाल घेऊन फिरत होते, आणि ही मंडळी चड्ड्या घालून हौदात उड्या मारत होती. थोरले काका पहिल्याच दिवशी उन्हात पालथे झोपले आणि उठले तेव्हा मागून टोमॅटो झाले होते. इथे बिअर मिळत नाही हे त्यांना माहीत होतं, पण ते खरंच मिळत नाही हे त्यांना तिसऱ्या दिवशी पटलं.

आईचा नाशिकहून फोन. "सासरची माणसं पहिल्यांदा आलीत. कुणाचं ताट रिकामं दिसता कामा नये. आणि आग्रह कर गं, तुझ्या जिभेवर आग्रह नाही."

बास. मी पदर खोचला. साजूक तुपातला शिरा, बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, पुन्हा शिरा. मी टेबलाभोवती गरागरा फिरत वाढत होते. कुणाची ताटली रिकामी झाली की डाव घेऊन हजर. "घ्या ना, थोडंसं. एवढ्यानं काय होतंय?" आणि काय सांगू, काय जेवायची ती माणसं! कोण म्हणतं इंग्रजांना तिखट-गोड सोसत नाही? ताटलीत शिताचा कण राहू देत नव्हती. मी वाढलं की 'लव्हली', संपवलं की 'लव्हली', पुन्हा वाढलं की जरा बारीक आवाजात 'लव्हली'. आजी तर डोळे मिटून गिळायची. मला वाटलं, समाधी लागली.

दर दिवशी आईला फोन करून मी फुशारकी मारत होते. फक्त एकच भानगड होती. मी उपाशी मरत होते.

म्हणजे झालं असं. सगळ्यांना वाढून होईपर्यंत मी बसायची नाही, आपल्याकडे कोण बसतं? मग काकू म्हणायच्या, "तुला?" मी म्हणायची, "नको नको, तुम्ही घ्या." आणि त्या चक्क घ्यायच्या! दुसऱ्यांदा विचारणं नाही, काही नाही! संध्याकाळी काका सगळ्यांसाठी चीज टोस्ट करायचे, मला विचारायचे, मी म्हणायची, "नको हो, उगाच कशाला त्रास." ते म्हणायचे, "बरं." बरं? बरं काय, कप्पाळ! भांड्यात काही उरावं तर ही मंडळी भांडी पुसून खाणारी. पोटात कावळे ओरडायला लागले की मी 'गाडीत फोनचा चार्जर राहिला' म्हणून बाहेर जायची आणि गाडीत बसून शेंगदाण्याची चिक्की खायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग हो म्हण ना." असा रागच आला! पहिल्यांदा विचारल्याबरोबर हो म्हणायला मी काय अधाशी आहे?

आजी अजून लव्हलीच म्हणत होती. काकांना ती म्हणायची, "ती टोपी काढ, मूर्ख दिसतोस." माझ्या नवऱ्याला म्हणायची, "किती जाडा झालायस, शी." मी कान टवकारून बसायची. पण माझी पाळी आली की पुन्हा तेच, "थँक यू, डिअर. लव्हली." डिअर काय, डिअर! मला जाडी म्हण की बाई.

चौथ्या दिवशी सकाळी मंडळींनी काढलं, 'फिरायला जाऊ या.' हुफूफच्या बागांमधल्या रस्त्यानं कोण पायी फिरतं? दहा पावलं गेलो नाही तोच एक गाडी थांबली. "गाडी बंद पडली का? पाणी हवं का?" काकांनी हसून नाही म्हटलं. दुसरी गाडी थांबली. तिसऱ्या गाडीतला माणूस जवळच्या बागेचा मालक होता. त्यानं व्हीलचेअरवरची आजी बघितली आणि त्याचा जीव कळवळला. कहवा, म्हणजे इथली अरबी कॉफी, प्यायल्याशिवाय पुढे जायचं नाही. काका नको म्हणाले. तो ऐकेना. काका पुन्हा नको म्हणाले. त्यानं व्हीलचेअरच ढकलायला घेतली. मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्या गोत्रातला आहे.

पुरुष त्याच्याबरोबर पुढच्या बैठकीत गेले. आजी, काकू आणि मी मागे, बायकांकडे. घरच्या बाईंनी खजुराचं ताट ठेवलं आणि छोट्याशा बिनकानाच्या कपात वेलचीचा कहवा ओतला. आजीनं संपवला. बाईंनी ओतला. आजीनं संपवला. बाईंनी ओतला. आजीचा रंग पिवळट व्हायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला कुणी सांगितलेलंच नाही.

"आजी," मी म्हटलं, "पुरे झालं की कप नुसता हलवायचा. असा. मग त्या थांबतात. इथली रीतच आहे."

"हलवायचा?"

"हो."

आजीनं कप हलवला. बाईंनी हसून कप परत घेतला. आजी त्या कपाकडे बघतच राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी चार दिवसांत पाहिला नव्हता. "म्हणजे," ती काकूंना म्हणाली, "नको म्हणायची सोय असते." काकूंनी मान हलवली आणि दोघी का कोण जाणे माझ्याकडे बघायला लागल्या. तिकडे काकांना मात्र ही सोय कुणी सांगितली नाही. ते बाहेर आले ते थरथरतच, आणि दिवसभर अखंड बोलत होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला शिरा. आजीची ताटली रिकामी झाली, मी डाव घेऊन पुढे झाले, "घ्या ना, थोडंसं..."

आजीनं ताटली उचलली आणि गदागदा हलवली. एक बेदाणा उडून काकांच्या चष्म्यावर चिकटला.

मी काकूंकडे वळले. काकूंनी ताटली हलवली. काकांनी हलवली. मग पलीकडून सगळ्या चुलत भावंडांनी, त्यांच्या बायकांनी, माझ्या नवऱ्यानंसुद्धा! अख्खं टेबल ताटल्या हलवत होतं आणि मधोमध मी डाव घेऊन उभी.

माझं डोकंच फिरलं.

"नको होतं तर बोलायचं ना!" मी ओरडले. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, जे तोंडाला येईल ते. "तोंडं नाहीत का तुम्हाला? मी रोज उठून रवा भाजतेय, आणि तुम्ही लव्हली लव्हली करत गिळताय! आणि मला कुणी, कुणी म्हणून दुसऱ्यांदा विचारत नाही! मी गाडीत बसून चिक्की खातेय! उपाशी मरतेय मी इथे!"

"गाडीत?" काकांनी विचारलं.

"पण तू नको म्हणतेस," काकू म्हणाल्या. "प्रत्येक वेळी."

"पहिल्यांदा नकोच म्हणतात! दुसऱ्यांदा विचारलं की 'थोडंसं' म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं. एवढंही कळत नाही?"

"अगं, पण ताटलीत वाढलेलं आम्ही टाकत नाही," काका बेदाणा पुसत म्हणाले. "करणाऱ्याचा अपमान होतो. म्हणून संपवतो."

"आणि संपलं की मी वाढते! रिकामं ठेवलं तर तुमचा अपमान होतो!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाच दिवसांचा शिरा सगळ्यांच्या डोळ्यांपुढून चालला होता. नवऱ्याला हसू आवरेना म्हणून तो टेबलाखाली वाकला. मला वाटलं, संपलं सगळं. सासरच्या चौदा माणसांवर खेकसले. आता ही म्हातारी मला आयुष्यभर डिअर म्हणणार.

आजीनं चमचा खाली ठेवला.

"हे," ती शिऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "भयंकर आहे. गोड, चिकट. भिंतीचे पोपडे भरायला चालेल. ते मधे भोक असलेलं तिखट काहीतरी केलं होतंस, ते चांगलं होतं. तर ते तू एकदाच केलंस आणि हा चिखल रोज. मूर्ख मुलगी."

काकूंनी टेबलावर हात आपटला. "पाच दिवस! हिला पाच दिवस? आणि मला बारा वर्षं?"

मला इतकं रडू आलं की डाव शिऱ्यात पडला. आजी म्हणाली, "रडू नकोस, नाक लाल होतं तुझं. चहा कर जा."

आणि मी नाक पुसत, अजिबात विचार न करता, म्हटलं, "हातानं करून घ्या."

माझं मलाच आश्चर्य वाटलं. आमच्या घरी हे फक्त घरच्यांना म्हणतात. पाहुण्याला मरेस्तोवर आग्रह, आणि आपल्या माणसाला 'हातानं घे'. नवरा टेबलाखालून वर आला. काका उठायला लागले, तर आजीनं त्यांना काठीनं खाली बसवलं. मग ती स्वतः उठली, एकेक पाऊल टाकत ओट्यापाशी गेली, किटली ठेवली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. पाणी उकळायला जन्म लागला.

तिनं आपला कप भरला आणि मागे वळून मला विचारलं, "तुला?"

"नको नको," मी म्हटलं. जीभच मेली तशी आहे, मी काय करू?

काकूंनी कपाळाला हात लावला. आजी किटली धरून तशीच उभी होती. "खरंच नको?"

"नाही हो, उगाच तुम्हाला त्रास."

"तिसऱ्यांदा विचारतेय," आजी म्हणाली, "आणि लक्षात ठेव, खुबा नवीन असला तरी गुडघे जुनेच आहेत."

"अर्धाच," मी म्हटलं.

तिनं काठोकाठ भरला. मी घोट घेतला. ना साखर, ना आलं, नुसतं तपकिरी पाणी.

"कसा झालाय?"

"भिकार," मी म्हटलं.

आजीनं मान डोलावली, आपल्या जागेवर येऊन बसली आणि शेजारची खुर्ची काठीनं मागे सरकवली. मी कप घेऊन बसले. पाच दिवसांत त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच बसत होते.