डावीकडे वळताना

सिग्ने ऑस्टबीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असे, पण तिने विमानात बसवलेला रेडिओ कधी खरखरल्याचं कुणी ऐकलं नाही. स्प्रूस बेंडला बाहेरून येणारी सडक नाही. अलास्कातल्या त्या नदीकाठच्या गावात जायचं-यायचं ते विमानाने, त्यामुळे तिथल्या प्रत्येक लहान विमानाच्या पोटात सिग्नेचे हात कधी ना कधी जाऊन आलेले. डोकं खाली पाय ठेवायच्या पोकळीत, पाय सीटवर, तोंडात टॉर्च, आणि टॉर्चच्या कडेने शिव्या. "बाई, जरा लवकर आटपा," असं कुणी म्हणालंच तर आतून आवाज यायचा, "मग जा की चालत!"

बापाच्या मासेमारीच्या होडीवरचे रेडिओ उघडत ती हे काम शिकली. नवरा दक्षिणेला निघून गेला तो गेलाच. राहिली मुलगी ब्रिट, आणि थोरला भाऊ आर्ने.

आर्ने गावाचा वैमानिक. टपाल, दूध, बाळंतीण, दातदुखीचा पेशंट, सगळं त्याच्या विमानातून. गेल्या हिवाळ्यापासून त्याची बायको लुसील प्रत्येक फेरीला त्याच्या शेजारी बसू लागली होती. गावाला तेवढंच हवं होतं. दुकानवाला वॉल्टर तर रोज छेडायचा, "काय लुसील, म्हातारपणी हनिमून का? घटकाभर करमत नाही का त्याच्याशिवाय?" लुसील हसायची आणि हातमोजे चढवायची. सिग्नेही हसायची. सख्ख्या बहिणीला कळलं नाही, मग वॉल्टरला काय दोष द्यायचा!

फेब्रुवारीत आर्नेने विमान तिच्या शेडपाशी आणलं. "रेडिओचा जुना संच काढ, नवा बसव. शेजारच्या माणसाचं बोलणं मला अगदी स्वच्छ ऐकू आलं पाहिजे."

"घरात लुसीलचं एक अक्षर ऐकत नाहीस, आणि आता विमानात ऐकणार?"

"तू काम कर गं. परवा पोरांना बास्केटबॉलच्या सामन्याला न्यायचंय."

त्या पोरांत ब्रिट होती. मामाच्या विमानातून खेळायला जायचं म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

काम चाललं ते दोन्ही दिवस वारा सुटला होता. शेडमध्ये विमानाचं नाक तेवढं मावायचं, बाकी धड बाहेर. अशा वाऱ्यात तिकडचा माणूस पहिलं काय करतो, तर वैमानिकापुढचं सुकाणू मागे ओढून त्याला सीटचा पट्टा आवळून टाकतो, म्हणजे ते आपटत नाही. सवयच ती, हाडात भिनलेली. सिग्नेनेही आवळला, आणि सुकाणूवरच्या बोलायच्या बटणाची वायर तशीच मापून, खेचून, बांधून टाकली.

आता हे बटण करतं काय? एक वायर विमानाच्या धातूला टेकवतं, बस्स. टेकली की माइक खुला, आणि तो खुला असेपर्यंत वैमानिकाला बाहेरचं कुणी ऐकू येत नाही. म्हणून झाकण लावण्याआधी पट्टा सोडून सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, वायर कुठे ताणत-घासत नाही ना. सिग्ने हे दर वेळी करायची. त्या दिवशी आर्ने डोक्यावर उभा होता. "अगं बाई, उजेड चाललाय! एक चक्कर मारून बघू दे!" तिने वैतागून झाकण लावलं. पट्टा आर्नेने सोडला, तोही विमान सुरू करताना.

लुसील शेजारी बसली. विमान उडालं. सिग्ने हातातला रेडिओ कानाला लावून शेडच्या दारात उभी राहिली.

"कसा आवाज?" वरून आर्नेने विचारलं.

"झकास! लुसीलला म्हणावं, बोल आता पोटभर."

विमान नदीवर डावीकडे वळलं, आणि रेडिओत पुन्हा आर्नेचा आवाज आला. पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

"लुसील, धर. येतंय परत. धर, धर! काही दिसत नाहीये मला... हां. सोडू नकोस."

विमान सरळ झालं, आवाज तुटला. ती बघतच राहिली. वर विमान जरा डुललं आणि सावरलं. कोण सावरत होतं ते? लुसीलला तर साधी मोटार नीट लावता येत नव्हती!

उतरायला यायचं तर धावपट्टीभोवती डावीकडे वळत यावं लागतं. परत वळण, परत माइक खुला.

"गेलं आता. दे इकडे. रडतेस काय? उद्या तू पुढेच बस, पोरांना मागे बसवू. कुणाला कळायचं नाही."

"आर्ने!" सिग्ने रेडिओत ओरडली. "आर्ने, गप्प बस, माइक खुला आहे!" त्याला काय ऐकू जाणार? वायर तिनेच बांधली होती, आणि डावीकडे वळलं की ती ताणून धातूला टेकत होती. आणि टपाल कधी येतंय ते कळावं म्हणून त्या गावात प्रत्येक स्वयंपाकघरात विमानांचा रेडिओ चालू असतो.

विमान उतरेपर्यंत घराघरांची दारं उघडली. वॉल्टर दुकानाचा एप्रन न काढताच आला. पोरांचे आईबाप आले. ब्रिट आली ती सिग्नेच्या मागे येऊन उभी राहिली.

आर्ने खाली उतरला. "एवढी गर्दी? काय, नवा संच बघायला?" तो हसला. "सांग ना सिग्ने, कसा आला आवाज?"

"शब्दन् शब्द आला," सिग्ने म्हणाली. "वळताना माइक खुला राहत होता. घराघरांत ऐकू आलं, आर्ने."

तो तिच्याकडे वळला. "तू मुद्दाम केलंस?"

"नाही रे. चुकलं माझं. पण ठाऊक असतं ना, तर मुद्दाम केलं असतं! माझी पोर नेणार होतास तू. माझी पोर!"

"आजवर काही झालं का? लुसील असते ना शेजारी. विचार तिला. लुसील, सांग यांना."

सगळ्यांनी लुसीलकडे पाहिलं. ती विमानातून उतरली, दोन पावलं चालली आणि बर्फात मटकन खाली बसली.

"कळलं सगळ्यांना?" तिने विचारलं. वॉल्टरने मान हलवली.

"सुटले गं बाई," ती म्हणाली, आणि सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडायला लागली. "रोज वाटायचं, आज मरणार. रोज! सुटले मी."

आर्ने तिच्याकडे बघत उभा राहिला. हे त्याने आजवर ऐकलंच नव्हतं.