समुद्राच्या कडेची खोली

बाळाप्पा शेटे म्हणजे शुक्रवार पेठेतला पेंडीचा दुकानदार. आवाज असा, की गल्लीच्या टोकाच्या म्हशीनं कान टवकारावेत. पण हा गडी पाण्याला भ्यायचा. जुलै लागला की त्याचं निम्मं चित्त नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर. मोबाईलवर पाण्याची पातळी बघितल्याशिवाय घास उतरायचा नाही. आणि का नाही भिणार? दोन हजार एकोणीसच्या महापुरात त्याच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं. बायकोला, शांतादेवीला, बोटीत घेताना तिचा पाय निसटला आणि ती गढूळ पाण्याखाली गेली. जवानांनी दंडाला धरून वर ओढली म्हणून वाचली. तेवढं काही बाळाप्पाच्या डोक्यातनं गेलं नाही.

अशा माणसाला त्याच्या लेकीनं, भूमिकानं, पुण्यातनं फोन केला. आईबापाच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार, म्हणून ती दोघांना कोची दाखवायला पाठवणार होती. जुनं बंदर, जुन्या वखारी, सगळं बघा म्हणाली. राहायची जागा तेवढी तुम्ही ठरवा. शांतादेवीनं समुद्र बघितला होता तो गणपतीपुळ्याला, तोही गाडी सुटायच्या घाईत. तिनं एका दमात सांगून टाकलं, की जुन्या गावात, पाण्याच्या कडेलाच खोली घ्यायची. सकाळी दार उघडलं की समुद्र दिसला पाहिजे.

आता आमच्या पेठेत कुणी भाड्यानं घर बघायला गेलं, तर मोरी आणि स्वयंपाकघर नंतर. आधी बघायची ती भिंतीवरची पुराची खूण. बाळाप्पानं तीच रीत कोचीला लावली. लेकीला मध्ये घालून तिथल्या घरमालकिणीला विचारायला लावलं, की पाणी किती फुटांवर गेलं की तुम्ही सामान माळ्यावर टाकता? बाई बिचारी चक्रावली. म्हणाली, इथं समुद्र रोजच थोडा चढतो आणि थोडा उतरतो. रोज चढतो! शिवा शिवा! बाळाप्पाचं धाबंच दणाणलं. रोज पाणी चढणाऱ्या गावात माणूस डोळा तरी कसा मिटतो, हेच त्याला कळेना.

मग त्यानं गुपचूप उद्योग केला. समुद्रापासून लांब, नव्या शहरात, रेल्वे स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावरची खोली धरायला लेकीला सांगितलं. आणि बायकोला सांगितलं, की कडेच्या सगळ्या खोल्या भरल्या. खोटं बोलताना जीभ जड झाली, पण बोलला. त्या रात्री मात्र पोटभर जेवला.

असलं खोटं किती दिवस झाकणार? भूमिका आईशी बोलता बोलता सहज म्हणून गेली, की आप्पांनाच स्टेशनजवळ पाहिजे होती. शांतादेवी भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले, दुकानात येऊन पेंडीच्या पोत्यावर बसली. ती आदळआपट करील असं बाळाप्पाला वाटलं होतं. तिचा आवाज चढलाच नाही, त्यानं तो जास्तच घाबरला.

"समुद्राला भ्यायलाय, व्हय?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी भ्यायलोय की. तू पाण्याखाली गेलतीस. मी बघितलंय."

"तुमी वरनं बघितलं. मी आतनं बघितलंय." ती थांबली, मग म्हणाली, "बोटीतनं उतरल्यावर मी पयलं काय म्हणालो तुमास्नी? आता त्या घरात नगो, कळंब्याकडं उंचावर ऱ्हाऊ. तुमी म्हणाला, बापजाद्याचं घर हाय, पूर येतोय नि जातोय. एकवीसला परत पाणी आलं, तवा बी तेच म्हणाला. माझ्या भीतीपायी तुमी घर न्हाय बदललं. आता तुमच्या भीतीपायी मी खोली बदलू?"

ही कधी कुरकुरली नाही, दर पावसाळ्यात निमूट कापडं बांधून ठेवायची. म्हणून बाळाप्पा धरूनच चालला होता, की हिला भीती नाही. भीती सगळी आपल्याच वाट्याला आलीय असं समजून तो मिरवत राहिला होता. आता त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली.

दारात आलेल्या गिऱ्हाईकाला त्यानं हातानंच थांबवलं आणि लेकीला फोन लावला. स्टेशनजवळची सोड, कडेची धर, एवढंच बोलला. बोलतानाच त्याला डोळ्यांपुढं चढतं पाणी दिसायला लागलं. फोन ठेवला. कधी नाही ते त्यानं बायकोला तोंडानं सांगितलं, की मला लई भ्या वाटतंय.

"वाटू दे की," शांतादेवी म्हणाली. "इतकी वर्सं मी एकटीच भीत हुतो."