आजाऱ्याचा ब्रेड

मला शुगर निघाली आणि चौथ्या दिवशी माझ्या सासूबाई वालूरहून ब्रेडचे दोन पुडे घेऊन आमच्या परभणीच्या घरी आल्या. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना ब्रेड न्यायचा असतो. मी चांगली धडधाकट, रोज पिंगळीच्या शाळेत शिकवायला जाणारी. पण रिपोर्ट आला म्हणजे आजारीच. "भाकर जड पडती. हलकं खा, माय," म्हणत त्यांनी माझी भाकरी बंद केली आणि इथेच मुक्काम ठोकला.

मी काही कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर सँडविच म्हणजे माझा जीव की प्राण. उकडलेला बटाटा, काकडी, हिरवी चटणी, तव्यावर दाबून भाजलेला ब्रेड. रोज डब्यात तेच. पथ्यही होतंय आणि जिभेचे लाडही, म्हणून मी खुशीत होते.

तीन महिन्यांनी पाहिलं तर साखर उतरायच्या ऐवजी चढलेली. "खाता काय?" डॉक्टरांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "हलकंच. सकाळ-दुपार सँडविच." त्यांनी कपाळाला हात लावला. मैदा आणि बटाटा साखर झपाट्याने वाढवतात म्हणाले. पुढच्या तपासणीपर्यंत उतरली नाही तर इन्सुलिनची इंजेक्शनं. सुईचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो. घरी तपासायचं मशीन आणलं, तर बोटाला टोचायचं कामही सासूबाईंकडे. मी डोळे मिटून बसणार. सँडविच खाऊन दोन तासांनी आकडा आला दोनशे साठ.

आता ब्रेड बंद, एवढंच त्यांना सांगायचं होतं आणि तेच तोंडातून निघेना. सासरे गेले त्या आठवड्यात दवाखान्यात त्यांना दुसरं काही जात नव्हतं. दुधात बुडवलेला ब्रेड तेवढा सासूबाईंच्या हातून खायचे. त्याच ब्रेडला मी वाईट म्हणायचं, याची मला फार भीती वाटली.

मग सरळ थाप मारली. "आत्याबाई, शाळेतल्या मॅडम तुमच्या हातची भाकर मागायल्यात." त्या हरखल्या. रोज सकाळी ज्वारीच्या पातळ भाकरी थापू लागल्या. मी अर्ध्या भाकरीचे दोन तुकडे करून मध्ये मोड आलेली मटकी, काकडी आणि कच्ची मेथी कांदा-कुटात कालवून केलेला घोळाणा भरायचे. झालं सँडविच. घरातला ब्रेडचा पुडा तसाच पडून राहू लागला. बाकीच्या भाकरी मॅडम लोक खरंच फस्त करायच्या, त्यामुळे थापही अर्धीच राहिली.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी बोट टोचलं आणि मशीनकडे बघत म्हणाल्या, "आता म्होरं काडी आली."

मी डोळे उघडले. एकशे पंचावन्न. त्यांना अक्षरओळख नाही, एकचा आकडा म्हणजे काडी.

"आधी म्होरं बदकावाणी यायचं, अन् तुझं तोंड उतरायचं. ब्रेडनंच वाढायली व्हती ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तुझ्या सासऱ्याला साखर नव्हती, माय. शेवटाला त्याईला ब्रेड गोड लागला, ते माझ्यापाशी हाय. ते कुठं जायलंय? मला सांगायचं न्हाई का?"

मला रडूच आलं. डोळे पुसायला हात उचलू लागले, तर त्यांनी सोडला नाही. बोटावर आलेल्या रक्ताच्या थेंबावर त्या अजून पदर दाबून बसल्या होत्या.